तारखेची वीट

गेल्या महिन्यात व्हर्जिनियातल्या एका खेड्यात, छोट्या एपिस्कोपल (म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या चर्चमधून निघालेल्या पंथाच्या) चर्चच्या भिंतीचं काम होतं. रविवारी जेमतेम वीस डोकी जमतात. विटांच्या दरजांत कुणा महाभागाने कधीतरी सिमेंट भरलेलं. मूळ मसाला कालवांचे शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा, त्यात न विरलेल्या शिंपल्याचे पांढरे ठिपके अजून दिसतात. कोकणातल्या माणसाला हे ओळखायला पुस्तक लागत नाही. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडतं, मग थंडीत पाणी गोठतं आणि मऊ विटेचं तोंडच सुटून पडतं. हे सांगून घसा बसला, पण काम जातं सगळ्यात स्वस्त गवंड्याला.

दाराजवळच्या एका विटेवर सालाचे चार आकडे होते. गावाचा सगळा अभिमान त्या विटेत. ओल्या मातीत काडीने लिहिलं, की रेघेच्या दोन्ही कडांना माती किंचित वर येते आणि भट्टीत रेघेच्या आतही बाहेरच्यासारखंच कडक कवच धरते. मी भिंग लावलं. कडा टवके उडालेल्या, आत विटेच्या पोटाचा भुसभुशीतपणा. वीट भाजल्यानंतर, बहुधा खिळ्याने कोरलेलं.

व्हर्जिनियातल्याच स्मिथफील्ड गावच्या सेंट ल्यूक्स चर्चमध्ये १८८७ साली वादळात छत पडलं, तेव्हा १६३२ साल असलेली वीट मिळाली. लोकांनी ते साल उराशी धरलं. आज बहुतेक अभ्यासक ती इमारत १६८० च्या दशकातली मानतात. म्हणजे विटेवर विसंबणारे हेच पहिले नव्हेत.

किल्ल्या सांभाळणाऱ्या आजी मागेच उभ्या होत्या. कुणी विचारलं नसताना मी सांगून मोकळा झालो.

"मग कोरलं कोणी?"

अमेरिकन क्रांतीनंतर या चर्चांचा राजाश्रय गेला. १८०२ च्या कायद्याने त्यांच्या जमिनी विकायला निघाल्या. कित्येक इमारती ओस पडल्या, लोकांनी विटासुद्धा पळवल्या. पुढे परत आलेल्यांपैकी कुणीतरी वाडवडिलांकडून ऐकलेलं साल कोरलं असेल. तसं असेल तर साल बरोबरही असू शकतं. पण हे मला सुचलं घरी, गाडी लावताना. आजींनी तोवर "खोटं" एवढंच ऐकलं होतं.

अहवालात लिहिलं, 'आकडे भाजणीनंतरचे'. त्या विटेभोवतीच्या चारही दरजा मीच भरल्या, हाताखालच्या पोराला हात लावू दिला नाही. आजी त्या दिवशी फिरकल्या नाहीत.