लसूण खाते, हो

तुम्ही विचारलंत म्हणून. म्हणजे तुमच्यापैकी निदान वीस जणांनी तरी, जेवायला बोलावण्याआधी, त्याच काळजीच्या सुरात: "तुला ती सल्फरची ॲलर्जी आहे ना? मग कांदा-लसूण चालतं का? अंडं? कोबी?" चालतं. सगळं चालतं. आणि हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर "मग ॲलर्जी कसली डोंबलाची?" असं उमटतं. दर वेळी. म्हणून आज एकदाच नीट सांगते.

सल्फरची ॲलर्जी मला नाही. कुणालाच नसते. सल्फर म्हणजे गंधक. ते तुमच्या केसांत आहे, नखांत आहे, इन्शुलिनमध्ये आहे. मोठ्या माणसाच्या अंगात सव्वाशे-दीडशे ग्रॅम गंधक सहज असतं. त्याची ॲलर्जी असती तर मी हे लिहायला उरलेच नसते.

मला चालत नाहीत ती सल्फा औषधं. को-ट्रायमोक्साझोल या जंतुसंसर्गावरच्या सल्फा गोळ्यांचा नववा दिवस, ताप, गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत पुरळ, ते सगळं तुम्ही पाहिलंय, पुन्हा उगाळत नाही. त्या गोळीतल्या सल्फामेथोक्साझोलच्या रेणूचा एक विशिष्ट भाग यकृतात बदलतो, शरीरातल्या प्रथिनांना चिकटतो आणि प्रतिकारशक्ती बिथरते. गुन्हा त्या रेणूच्या घडणीचा आहे, त्यातल्या गंधकाचा नाही. लसणात गंधक भरपूर, पण ती घडण नाही.

इतकं सोपं आहे तर तुमच्यावर चिडायला मी कोण? खरं म्हणजे मला तो अधिकार फारसा नाहीच. डॉक्टरांनी फाइलवर "सल्फा" लिहिलं होतं. "सल्फर" मीच केलं. घरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं, पुढच्या फाइलवर स्वतःच्या हाताने लाल पेनाने लिहिलं. मग कुठूनशी एक यादी उतरवून फ्रिजवर चिकटवली: कांदा नाही, लसूण नाही, अंडी नाहीत, कोबी-फ्लॉवर नाही. दीड वर्ष पाळली. वजन उतरलं, ते लोकांना छान वाटलं. मधल्या वेळच्या भुकेला मी काय निवडलं असेल? सुके जर्दाळू. ते यादीत नव्हते ना! पिशवीत कायम पाकीट. छान नारिंगी, चकचकीत.

जर्दाळू तसाच वाळवला तर काळपट तपकिरी होतो. तो नारिंगी राहतो कारण त्याला सल्फर डायऑक्साइडची धुरी दिलेली असते. वेष्टनावर ई२२० ते ई२२८ असे आकडे असतात ना, ते हेच, अन्न टिकवायला वापरतात ते सल्फाइट. ते सल्फा औषधांचे कुणी लागत नाहीत. पण दमा असलेल्या थोड्या लोकांचा श्वास त्यांनी आवळतो, आणि दमा मला लहानपणापासून आहे. म्हणजे जे खायला हवं होतं ते मी सोडलं होतं आणि जे जपून खायचं ते मूठमूठ खात होते. तेव्हाच्या मला आज दोन शब्द सुनवावेसे वाटतात. ती म्हणेल, मला कुणी सांगितलं होतं? बरोबर आहे. पण तू विचारलंस कुठे?

आता ती रात्र.

सर्दी होतीच. नऊच्या सुमाराला नवीन पाकीट फोडलं, वाचता वाचता अर्धं संपवलं. अर्ध्या तासात छातीतून शिट्टी ऐकू यायला लागली, मग वाक्यं तुटायला लागली. धाकट्या भावाने गाडीत घातलं. कॅज्युअल्टीत सिस्टरने मास्क जोडला आणि वाफेच्या औषधाची छोटी नळी तोडायला घेतली. तिच्यावरची अक्षरं मला दिसली: सालब्युटामॉल सल्फेट.

मी तिचा हात ढकलला.

"सल्फर... ॲलर्जी," एवढंच निघालं. भाऊ ओरडला, "ताईला सल्फर चालत नाही, फाइलवर लिहिलंय!" लाल अक्षरं होतीच. सिस्टर थांबली, तिने थांबायलाच हवं होतं. डॉक्टर दुसऱ्या खाटेवर गुंतल्या होत्या. त्या येईपर्यंत सात-आठ मिनिटं गेली असतील. मी ती खांदे वर करकरून काढली. ओठ निळे पडले होते असं भाऊ म्हणतो.

डॉक्टरांनी फाइल पाहिली, मग मला विचारलं, "पंप कुठला घेता?" भावाने माझ्या पिशवीतून दम्याचा निळा पंप काढला. त्यांनी तो माझ्या डोळ्यांसमोर धरला. त्यावरही तेच नाव, तेच सल्फेट. "हा किती वर्षं घेताय?" भाऊ म्हणाला, अकरा. "शेवटचा कधी घेतलात?" मी तीन बोटं दाखवली.

"तीन तास?"

मान हलवली.

"तीन दिवस, ताई?" भावाने विचारलं.

तीन महिने. तीन महिन्यांपूर्वी मी तो शब्द पंपावर वाचला होता आणि कुणालाही न सांगता पंप बंद केला होता. टाकून द्यायचा धीर झाला नाही म्हणून पिशवीत राहिला. भावाने तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेले नाही. मास्क त्यानेच तोंडावर दाबून धरला.

सकाळी डॉक्टर म्हणाल्या, "अहो, सल्फेट आपल्या रक्तातच असतं. पोटात गेलेल्या सल्फाइटचंही शरीर सल्फेटच करतं. आडनावं सारखी असली म्हणून सगळे एका घरातले का?" हसून म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

तर मी काय टाळते? जंतुसंसर्गावरच्या सल्फा गोळ्या, डोळ्यांत घालायचं सल्फासिटामाइड, भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम, सांध्यांच्या आणि आतड्यांच्या दुखण्यावरचं सल्फासलाझिन. खाण्यात, धुरी दिलेला सुकामेवा, वाइन, बाटलीबंद लिंबाचा रस. गोठवलेल्या कोळंबीचं आणि सोलून पॅक केलेल्या बटाट्याचं पाकीट वाचून घेते. ॲड्रिनलिनच्या इंजेक्शनातही कधी कधी सल्फाइट असतं, पण जीव वाचवायची वेळ आली तर ते घ्यायचंच, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलंय.

फ्युरोसेमाइडसारख्या पाणी काढणाऱ्या गोळ्यांनाही सल्फाच्या जातीचंच म्हणतात, पण त्यांत तो रेणूचा उपद्रवी भाग नाही. २००३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना अशा औषधांचा त्रास इतरांपेक्षा जास्त झाला खरा, पण पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना त्याहून जास्त झाला. म्हणजे दोष बहुधा सल्फाचा नाही, माणसाच्या ॲलर्जी उठण्याच्या प्रवृत्तीचा. हे मला पटतं. गोळी हातात आली तर गिळेन का? माहीत नाही. पहिलं अंडं खाताना पाऊण तास घड्याळ बघत बसले होते, तेही सगळं समजल्यानंतर.

आणि त्या रात्री जर्दाळूच नडला, की सर्दी, की तीन महिन्यांचा बंद पंप? त्वचेवरच्या चाचणीतून सल्फाइटचं सहसा कळत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं देऊन बघावं लागतं. त्याची तारीख मी दोनदा पुढे ढकलली आहे. तिसरीही ढकलेन बहुतेक, त्यावरून कृपया बोलू नका.

लाल अक्षरं खोडून "सल्फा औषधे" असं लिहून घेतलंय, खाली काय झालं होतं तेही. भाऊ घरी आला की अजून आधी माझी पिशवी उघडतो, पंप काढतो, कानाशी धरून हलवून बघतो आणि न बोलता परत ठेवतो.