पिळणं वाचलं: वडगावच्या दोन खोल्यांतलं छोटं वॉशिंग मशीन

धुणं म्हटलं की लोक घासण्याचंच बोलतात. पण रोज धुणं करणाऱ्या बाईला विचारा, तिचा जीव जातो तो पिळण्यात. भिजवायला पावडर आहे, घासायला ब्रश आहे, पिळायला मात्र दोन मनगटंच. माझ्या उजव्या मनगटाची शीर धरायला लागली आणि डॉक्टरांनी पिळायचं काम बंद करा म्हणून सांगितलं, तेव्हा आमच्या घरात वॉशिंग मशीनचा विषय निघाला. लहान जागेत मशीन बसवू बघणाऱ्या इथल्या बायकांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमचं घर बेळगावात वडगावला. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणी आणि मागं थोडं परडं. माणसं पाच. आमचे हे उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत, दोन मुलं शाळेत जातात आणि सासूबाई आहेत, त्यांना आम्ही आत्या म्हणतो. फौंड्रीचे कपडे, शाळेचे युनिफॉर्म आणि आत्यांची नऊवारी, असं तीन तऱ्हेचं धुणं रोजचंच.

पाण्याचा हिशेब सगळ्यात आधी करायला लागला. शहराला राकसकोप आणि हिडकल या दोन धरणांतून पाणी येतं. काही वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास पाणी आहे, पण आमच्या गल्लीत ते काही दिवसांआड सोडतात. आलं की हौद भरायचा, ड्रम भरायचे आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचं. फुल ऑटोमॅटिक मशीन नळाला जोडायचं असतं, त्याला पाण्याचा दाब लागतो, म्हणजे वर टाकी पाहिजे. मोठ्या टॉप लोड मशीनला एका वेळच्या धुण्याला शंभर लिटरच्या आसपास पाणी जातं. आमच्या कौलावर टाकी बसत नाही आणि एवढं पाणी एका धुण्यात ओतणं परवडतही नाही. त्यामुळं बादलीनं पाणी ओतता येईल असंच मशीन घ्यायचं हे ठरलं.

तसली मशीनं दोन-तीन तऱ्हेची मिळतात. एक घडी घालून ठेवता येणारं, बादलीएवढं. समोरच्या घरातल्या कन्नड अक्कांनी ते ऑनलाइन मागवलं होतं. बाळाच्या दुपट्यांना, रुमालांना ते चांगलं आहे, जागा तर काहीच लागत नाही. पण त्यातून कपडे काढले की पाणी गळत असतं, पिळायला हातच लागतात. दुसरं एका टबाचं, तीन किलोच्या आसपासचं. त्यात वरून एक जाळीची टोपली बसवतात आणि ती फिरवून पाणी काढतात. टोपली लहान असते, तिच्यात एक जीन्स घातली की भरलीच. तिसरं दोन टबांचं छोटं सेमी ऑटोमॅटिक, एका बाजूला धुवायचं आणि दुसऱ्या बाजूला पिळायचं. पिळायच्या टबाला आपल्याकडं सगळे ड्रायर म्हणतात, पण त्यात गरम हवा वगैरे काही नसते. तो नुसता जोरात फिरतो आणि कपड्यातलं पाणी भोकांतून बाहेर फेकतो. मला हवं होतं ते हेच. माझं स्पष्ट मत आहे की, लहान घरात पैसे घालायचे तर ड्रायरसाठी घालावेत. वेगळ्या ड्रायरशिवायचं मशीन बाईचं निम्मं कामही कमी करत नाही.

खडेबाजारातल्या दुकानात हे मशीन पाच-सहा हजारांच्या घरात मिळालं. दुकानदार मोठ्या मशीनसाठी फार आग्रह करत होता, "वैनी, थोडे पैसे घाला की, सात किलोचं न्या." मी घरून सुतळीला गाठी मारून माप नेलं होतं: न्हाणीच्या दाराची रुंदी आणि दाराबाहेरच्या कोपऱ्याची लांबी-रुंदी. ते माप लावून बघितल्यावर सात किलोचं मशीन आमच्या कोपऱ्यात बसत नव्हतं, विषय तिथंच संपला. माप घेताना मशीनच्या अंगाबरोबर मागं पाइपाला चार बोटं जागा धरायची आणि वर झाकण पूर्ण उघडेल एवढी उंचीही बघायची. आमच्या कोपऱ्यावर फळी होती, ती एक वीत वर सरकवून घेतली.

मशीन न्हाणीत ठेवलं नाही. न्हाणीत अंघोळीचं पाणी उडतं, तिथं विजेची वस्तू नकोच. न्हाणीच्या दाराबाहेर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ते ठेवलं आणि सांडपाण्याचा पाइप तेवढा उंबऱ्यावरून आत सोडला. या छोट्या मशीनमध्ये पाणी उपसायला पंप नसतो, पाणी आपल्या वजनानं खाली जातं. म्हणून पाइपाचं तोंड टबाच्या तळापेक्षा खाली पाहिजे आणि पाइप मध्येच कुठं वर चढता कामा नये. आमचा उंबरा आडवा येत होता. परड्यात शहाबादी फरशीचे जुने तुकडे पडून होते, ते एकावर एक रचून सिमेंटनं पक्के केले आणि त्या ओट्यावर मशीन चढवलं. ओटा सपाट आहे का ते गवंड्याकडून पाणसळ लावून बघून घेतलं, कारण जरा कलतं असलं तरी ड्रायर फिरताना मशीन थडथडत पुढं सरकतं.

आता अर्थिंग. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांत हेच राहून जातं. आमच्या घरात तीन पिनांचे सॉकेट होते, पण वरच्या मोठ्या भोकात वायरच नव्हती. वायरमनमामांनी टेस्टर लावून दाखवलं तेव्हा मी हबकले. इतकी वर्षं मिक्सर आणि इस्त्री तशाच चालल्या होत्या. ओले हात, ओली फरशी आणि अर्थिंग नसलेलं मशीन म्हणजे जिवाशी खेळ. मामांनी परड्यात खड्डा खणला, त्यात जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ थराथरानं घातलं आणि तिथून वायर आत आणली. मीटरजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. करंट कुठं गळायला लागला की तो लगेच वीज तोडतो. त्याच्यावर टी लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं, खटका पडला म्हणजे तो नीट चालतोय. सॉकेट माझ्या खांद्याच्या उंचीवर आणि पाण्यापासून लांब घेतला. एक्स्टेन्शन बोर्डावर मशीन चालवू नका. या सगळ्याला मशीनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च आला, पण त्यातला एक रुपयाही वाया गेला असं मला वाटत नाही.

पहिल्या दिवशी आत्या मोढा घेऊन मशीनसमोर बसल्या. "ह्यात कापडं निघतात काय गं? निघाली न्हाईत तर मी धुतो की," म्हणाल्या. निघतात, पण एक रीत पाळली तर.

कॉलर, बाह्यांची टोकं आणि मुलांच्या पँटचे गुडघे आधी साबण लावून ब्रशनं घासायचे. तेवढं हातानंच. मग टबात दोन बादल्या पाणी, आधी पावडर, ती विरघळली की कपडे. मशीनवर 3.6 किलो लिहिलंय, ते कोरड्या कपड्यांचं वजन. पण टब गच्च भरला की तळाची, कपडे घुसळणारी चकती नुसती कुंथते आणि कपडे एका जागी बसतात. कपडे पाण्यात वर-खाली होताना दिसले पाहिजेत, एवढेच घालायचे. आधी पांढरे आणि शाळेचे शर्ट, मग त्याच पाण्यात रंगीत, शेवटी गडद. एकच साबणाचं पाणी तिघांना पुरतं.

पाणी वाचवायची खरी युक्ती याच्या पुढं आहे. साबणाच्या पाण्यातून काढलेले कपडे लगेच खळबळायचे नाहीत. आधी ते मिनिटभर ड्रायरमध्ये फिरवायचे. साबणाचं पाणी तिथंच निघून जातं, मग खळबळायला दोन बादल्यांच्या जागी एक बादली पुरते. खळबळून झालं की पुन्हा ड्रायर, आता दोन-तीन मिनिटं. शेवटच्या खळबळीचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं, ते ड्रममध्ये ठेवून दुसऱ्या दिवशीच्या धुण्याला वापरते. साबणाचं पाणी संडासात आणि परड्यातली फरशी धुवायला जातं. तुळशीला आणि कढीपत्त्याला ते घालत नाही.

ड्रायर भरायलाही रीत आहे. जड कपडे तळाशी, हलके वर, सगळीकडून सारखे दाबून, आणि त्यावर मशीनबरोबर येणारी प्लास्टिकची गोल चकती ठेवायचीच. एका बाजूला जास्त भरलं की तो धडधडतो. तसं झालं की बंद करून कपडे पुन्हा लावायचे, हातानं मशीन दाबून धरायचं नाही. झाकण उघडलं तरी आतला टब पूर्ण थांबेपर्यंत हात घालायचा नाही, हे मुलांना दहा वेळा बजावून ठेवलंय.

फरक किती पडतो ते मी भावाच्या किराणा दुकानातल्या काट्यावर बघितलं. अंघोळीचा टॉवेल कोरडा साधारण 400 ग्रॅम. धाकट्या जावेनं हातानं पिळून दिला तेव्हा 900 च्या आसपास, ड्रायरमधून काढला तेव्हा साडेसहाशेच्या आतबाहेर. म्हणजे हातानं पिळल्यावर ड्रायरपेक्षा पाव लिटर जास्त पाणी टॉवेलात राहत होतं.

पावसाळ्यात हे पाव लिटरच भारी पडतं. बेळगावचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. मृगात सुरू झाला की तरणा आणि म्हातारा, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांचा पाऊस, संपेपर्यंत ऊन दिसेलच याचा भरवसा नाही, आणि नेमकी त्याच आषाढात आमच्या मंगाई देवीची यात्रा. पै-पाहुणे, त्यांची पोरं, ओल्या चादरी. आधी स्वयंपाकघरात चुलीवर दोऱ्या बांधून कपडे वाळवायचो, शाळेच्या शर्टाला धुराचा वास यायचा. यंदा ड्रायरमधून काढलेले शर्ट रात्री पंख्याखाली टाकले की सकाळी इस्त्रीला तयार असायचे. जीन्सला आणि जाड टॉवेलांना अजून दुसरा दिवस लागतो. पूर्ण वाळून निघतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

फौंड्रीच्या कपड्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या खिशात, शिवणीत, पँटच्या दुमडीत काळी बारीक वाळू असते. ती मशीनमध्ये गेली तर तळाच्या चकतीखाली बसते, प्लास्टिक घासतं आणि पाइपही तुंबतो. म्हणून ते कपडे आधी परड्यात उलटे करून झटकायचे, खिसे बाहेर काढायचे आणि वेगळ्या बादलीत पावडर टाकून रात्रभर भिजवायचे. सकाळी ते पाणी ओतलं की बादलीच्या तळाला काळा थर दिसतो. मग दगडावर एकदा घासून सगळ्यात शेवटी मशीनमध्ये. उद्यमबागेत, मच्छेला ज्यांची माणसं कामाला आहेत त्यांनी एवढं कराच.

आत्यांची नऊवारी तशीच मोकळी टाकली तर चकतीला गुंडाळते आणि तिचा दोर होतो. ती घडी घालून जाळीच्या पिशवीत घालते, तीही सुती असेल तरच. इरकल मशीनमध्ये घालत नाही. लाल पदराचा रंग सुटायची भीती असते आणि रेशमाला तो मार सोसत नाही. इरकल आत्या स्वतः थंड पाण्यात धुतात, न पिळता सावलीत टाकतात.

विजेची धास्ती बऱ्याच जणींना असते. अडीचशे वॅटची मोटर चार तास चालली तर एक युनिट होतं, आणि आमचं रोजचं धुणं तासाच्या आत आटपतं. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती योजना आहे, घराच्या आधीच्या सरासरीला धरून आणि जास्तीत जास्त 200 युनिटांपर्यंत वीज माफ होते. मशीन आल्यावरही आमचं बिल त्या मर्यादेतच राहिलंय. लाइट गेली तर मात्र एक लक्षात ठेवायचं. या मशीनचा टायमर चावीचा आहे, तो लाइट नसतानाही टिकटिक करत शून्यावर येतो. लाइट आल्यावर पुन्हा फिरवून लावायचा. संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असलं आणि मोटर नुसती घुमत राहिली तर तिथंच बंद करायचं, नाहीतर मोटर जळते.

धुणं झालं की टबातली धाग्यांची जाळी काढून धुवायची आणि दोन्ही झाकणं उघडी ठेवायची, नाहीतर कुबट वास धरतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर टबाला पांढरा खर चढतो. तो काढायला मधूनमधून कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून रिकामं मशीन फिरवायचं.

वाकळी आणि जाड ब्लँकेट यात मावत नाहीत. त्या घट बसायच्या आधी पूर्वीसारख्याच परड्यात, विहिरीच्या कट्ट्यावर पायानं तुडवून धुतो. पिळायला दोन्ही टोकांना दोघं उभे राहतात, एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला थोरला मुलगा.