कॉसॉफचा थरथरता सूर

१९ मार्च

१९७६ साली याच तारखेला 'फ्री' या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक पॉल कॉसॉफ लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात वारला, तेव्हा तो अवघ्या २५ वर्षांचा होता. म्हणून आज जेवणे आटोपल्यावर दिवा मालवून मी पुन्हा 'फ्री' ऐकत बसले.

एप्रिल १९६८ मध्ये लंडनला हा बँड उभा राहिला, तेव्हा चौघांपैकी एकालाही १९वे वर्ष पूर्ण झालेले नव्हते. गायक पॉल रॉजर्स आणि ड्रमवादक सायमन कर्क १८ वर्षांचे, गिटारवादक कॉसॉफ १७ वर्षांचा, आणि बेस, म्हणजे खर्जातल्या सुरांची गिटार, वाजवणारा अँडी फ्रेझर तर केवळ १५ वर्षांचा, तोही नामवंत ब्लूज संगीतकार जॉन मेयॉलच्या बँडमध्ये वाजवून आलेला! त्यांना नाव दिले ते ॲलेक्सिस कॉर्नर या ब्लूजमधल्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांकडून आलेल्या त्या संगीतातल्या, जाणत्या माणसाने.

'ऑल राइट नाऊ' हे त्यांचे १९७० सालचे गाणे ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. मी ते असंख्य वेळा ऐकले असेल, पण कडव्यांमध्ये बेस वाजतच नाही, हे माझ्या ध्यानात यायला कितीतरी वर्षे गेली. कॉसॉफची गिटार, कर्कचा ठेका आणि रॉजर्सचा आवाज, एवढ्यावरच कडवे उभे असते. मग धृपद येते, फ्रेझर आत शिरतो आणि पायाखालची जमीन एकदम भरीव होते. एवढ्या कोवळ्या वयात, बोटांत एवढी तयारी असताना, हात आवरून थांबायचे या मुलाला कोणी शिकवले असेल?

कॉसॉफचेही तसेच. लहानपणी त्याने अभिजात गिटारचे शिक्षण घेतले होते, पण 'फ्री'मध्ये तो सुरांची गर्दी करीत नाही. एकच सूर धरतो, तार ताणतो आणि डाव्या हाताच्या बोटाने तो असा थरथरवतो की, माणूस रडू आवरत बोलत असल्यासारखे वाटते. मला तर तो सूर संपूच नये असे वाटत राहते.

रॉजर्स आणि फ्रेझर यांचे पटेनासे झाले आणि १९७१ मध्ये बँड फुटला. तो धक्का कॉसॉफला सोसला नाही. मादक पदार्थांचे व्यसन वाढत गेले. त्याला सावरावे, या हेतूनेही १९७२ मध्ये चौघे पुन्हा एकत्र आले, पण ते टिकले नाही आणि १९७३ मध्ये सारेच संपले. रॉजर्स आणि कर्क पुढे 'बॅड कंपनी' या बँडमध्ये नावारूपाला आले. फ्रेझर २०१५ मध्ये गेला, तोही मार्चमध्येच, १६ तारखेला.

लंडनच्या गोल्डर्स ग्रीन येथील कॉसॉफच्या स्मृतिलेखावर 'ऑल राइट नाऊ' हेच गाण्याचे नाव कोरलेले आहे. आज ते गाणे लावले आणि सबंध पहिले कडवे मी फ्रेझरची वाट पाहत ऐकले.