दुखायला लागण्याआधीची सुंठ

कोरेगाव, कराड, सातारा या तालुक्यांत आलं पिकतं. सांगलीच्या पेठेत हळद आणि गूळ. पाळीच्या दुखण्यावर आजी-मावशा जे जे सांगतात ते सगळं आपल्या या दोन जिल्ह्यांत हाताशी आहे. तरीही महिन्यातले दोन दिवस पोट धरून पडणाऱ्या मुली घरोघरी आहेत आणि कंबरेला पदर खोचून, कळा सोसत भांगलायला जाणाऱ्या बायाही आहेत. "काढा घेऊन बघितला, काही फरक पडला नाही," असं त्यांच्यातल्या बऱ्याच जणी सांगतात. काढा कधी घेतला विचारलं की उत्तर येतं, "सहन होईना तेव्हा."

तिथंच घोळ आहे.

पाळी येण्याच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळतात आणि अस्तर बाहेर टाकलं जातं. ही द्रव्यं जास्त झाली की स्नायू इतके घट्ट आवळतात की त्यांचं स्वतःचंच रक्त क्षणभर अडतं. ओटीपोटात उठून कंबरेत आणि मांड्यांत उतरणारी कळ ती हीच. हीच द्रव्यं आतड्यांनाही ढवळतात, म्हणून पहिल्या दिवशी काहींना जुलाब होतात, मळमळतं, उलटी होते. "बाहेरचं काहीतरी खाल्लं असशील" असं म्हणून त्या मुलीला गप्प करू नये, ते पाळीचंच असतं.

या दुखण्याची चालही ठरलेली असते. अंगावरून जायला लागायच्या काही तास आधी किंवा बरोबरच सुरू होतं, पहिल्या दिवशी जोर धरतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. सुंठ काय किंवा गोळी काय, दोन्हींचं मुख्य काम ही द्रव्यं कमी तयार होऊ देणं. एकदा ती भरपूर तयार झाली की मग घेतलेला काढा नुसता मागून धावत राहतो.

त्यामुळे पहिला उपाय म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या पहिल्या दिवसाला खूण करणं. तीन-चार महिन्यांच्या खुणा झाल्या की अंदाज बसतो. पाळी वेळेवर येणाऱ्यांनी अपेक्षित तारखेच्या एक-दोन दिवस आधीच सुंठ सुरू करावी. जिची मागेपुढे होते तिनं कंबर भरून येणं, छाती जड होणं या खुणा ओळखाव्यात, आणि तेही जमत नसेल तर पहिला डाग दिसताच सुरुवात करावी. कळ येण्याची वाट बघायची नाही.

आता सुंठेचं प्रमाण. दिवसाला एक ते दोन ग्रॅम पूड, तीन-चार वेळा विभागून, सुरुवात केल्यापासून पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंत. चहाचा एक सपाट चमचा भरला की जवळपास दोन ग्रॅम होतात. म्हणजे एका वेळी पाव चमचा, दिवसातून तीन-चारदा. ती कोमट पाण्यातून घ्या किंवा थोड्या गुळात मळून गोळी करून घ्या, पण पोटात काहीतरी असताना. अनशापोटी घेतली तर जळजळतं आणि मग "मला आलं सोसत नाही" म्हणून उपायच सोडून दिला जातो.

पूड घरी केलेली बरी. पांढरीशुभ्र सुंठ दिसायला छान, पण तिला बहुतेक वेळा चुना लावलेला असतो. मातकट रंगाची, सुरकुतलेली, मोडल्यावर कट्कन आवाज येणारी आणि नाकाला झणझणणारी सुंठ निवडावी. मऊ वाकणारी असेल तर ती पुरती वाळलेली नाही, डब्यात बुरशी धरेल. खलबत्त्यात कुटून चाळणीनं चाळा, वर राहिलेले दोरे काढून टाका. झाकणाच्या बाटलीत, चुलीच्या किंवा गॅसच्या धगीपासून लांब ठेवली तर तीन-चार महिने वास टिकतो. वास गेलेल्या पुडीवर भरवसा ठेवू नये.

ओलं आलं वापरायचं तर अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा एका वेळेला. सालीसकट धुऊन ठेचायचा, दीड कप पाण्यात झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळायचा, गाळायचा आणि गॅसवरून उतरवल्यावर गूळ घालायचा. घरच्या चार-पाच जणांच्या चहात तेवढंच आलं ठेचून टाकलं तर दुखणाऱ्या मुलीच्या वाट्याला त्याचा पाचवा हिस्सा येतो. त्यानं काही होत नाही, दोष आल्याचा नाही. दूध घालून हवं असेल तर आलं आधी पाण्यात चांगलं उकळलं पाहिजे. कच्च्या आल्यात दूध फाडणारा रस असतो, तो उकळल्यानं मरतो. गूळ मात्र दुधाबरोबर उकळत ठेवू नये, कप भरल्यावर घालावा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर सुंठेचे असे डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि पाळी चुकली असेल, दिवस राहिले असण्याची शक्यता असेल, तर कसलाच काढा पिऊ नये. आधी तपासणी.

सुंठेइतकाच गुण देणारा उपाय शेकण्याचा आहे. उष्णतेनं आवळलेला स्नायू सैल पडतो आणि तिथलं रक्त पुन्हा वाहतं. रबरी पिशवी असेल तर उकळतं पाणी तसंच ओतू नका, रबर लवकर चिरतं आणि कातडीही भाजते. पाणी उकळलं की पाच-सात मिनिटं थांबायचं, पिशवी दोन-तृतीयांश भरायची, उभी धरून हलकेच दाबत वरची हवा काढायची आणि मगच बूच घट्ट करायचं. हवा राहिली की पिशवी फुगून पोटावर नीट बसत नाही आणि दाब पडला की बुचातून गळते. जुन्या सुती साडीच्या दोन घड्या तिच्याभोवती गुंडाळा. बेंबीच्या खाली वीस मिनिटं, मग दहा मिनिटं विश्रांती, मग कंबरेला माकडहाडाच्या वर वीस मिनिटं. पिशवीवर अंग टाकून झोपायचं नाही. एक हिवाळा वापरलेल्या पिशवीला दर वेळी वाकवून बघावं, घडीवर बारीक चिरा दिसल्या की ती फेकावी.

पिशवी नसली तरी अडत नाही. दोन वाट्या खडेमीठ लोखंडी तव्यावर पाच-सहा मिनिटं हलवत तापवायचं, जाड सुती कापडात ओतून पुरचुंडी बांधायची आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायची. मनगटाला सोसली तरच पोटाला. बारीक मीठ घेऊ नका, ते कापडातून झरतं. नायलॉनचं कापड तर अजिबात नको, वितळतं. काही घरांत वीट तापवून फडक्यात धरतात. विटेची उष्णता वरून कळत नाही आणि आत दबून राहते. तिनं भाजल्याचे डाग राहतात, म्हणून ती सांगावीशी वाटत नाही. शाळेला एसटीनं जाणाऱ्या मुलींना यातलं काहीच नेता येत नाही. त्यांच्यासाठी मेडिकलमध्ये चिकटवायचा हीट पॅच मिळतो, तो आतल्या कपड्यावरून लावावा, थेट कातडीवर नाही. दर महिन्याला तासन् तास कडक शेकलं तर पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. ते दिसले की उष्णता कमी करायची वेळ आली.

बाकीचे उपाय थोडक्यात. ओवा पोटातल्या गॅसवर चांगला, आणि पाळीत पोट फुगतं म्हणून त्यानं बरं वाटतं. अर्धा चमचा कपभर पाण्यात उकळून प्यावा, पित्ताची प्रकृती असेल तर नको. बडीशेपेचा उपयोग ओव्यापेक्षा बरा आहे: एक चमचा कुटून त्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. झाकण महत्त्वाचं, कारण गुण त्या वासाच्या तेलात असतो आणि ते वाफेबरोबर उडून जातं. मेथीची पूड पाव चमचा दिवसातून तीनदा घेतात. मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर फार उतरू शकते, तेव्हा जपून.

हळद-दुधाबद्दल सांगलीत लिहिताना जीव थोडा कचरतो, पण खरं ते सांगायला हवं. हळदीतला गुणकारी भाग तिच्या वजनाच्या तीन ते पाच टक्के, आणि तोही पोटातून रक्तात फार थोडा जातो. रात्री गरम दूध-हळदीनं झोप लागत असेल तर अवश्य प्या. कळेवरचा उपाय म्हणून तिच्यावर विसंबून राहू नका. गुळाचंही तेच. गुळात लोह असतं म्हणून दोन खडे जास्त दिले जातात, पण वीस ग्रॅमच्या खड्यातून फार तर एक मिलीग्रॅमच्या आसपास लोह मिळतं आणि बाईला दिवसाला लागतं २९ मिलीग्रॅम. त्यासाठी हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं, हळीव, खात असाल तर अंडी-मटण, वर लिंबू पिळून, आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा टाळून. चहा लोह अंगी लागू देत नाही.

दही, लोणचं, आंबट खाल्ल्यानं किंवा पाळीत डोक्यावरून न्हाल्यानं दुखणं वाढतं याला आधार नाही. उलट गरम पाण्याची आंघोळ कंबरेला आराम देते.

व्यायाम पाळीच्या दिवसांपेक्षा बाकीच्या महिन्यात जास्त कामाला येतो. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास ते तासभर भरभर चालणं किंवा योगासनं, हे दोन-तीन महिने टिकवलं की पुढच्या पाळ्यांत फरक जाणवतो. पहिल्याच महिन्यात न जाणवल्यानं बऱ्याच जणी सोडतात. कळ चालू असताना मार्जारासनाचे (हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर-खाली करणं) आठ-दहा सावकाश फेरे, मग बालासनात (गुडघे मोडून बसून पुढं वाकणं) उशीवर पोट टेकवून तीन मिनिटं पडून राहणं पुरे. श्वास रोखला की स्नायू आणखी आवळतो, म्हणून सोडण्याकडे लक्ष द्यावं.

गोळीची भीती मात्र घालवायला हवी. "सारखी गोळी घेतलीस तर पुढं मूल होणार नाही" असं मुलींना सांगितलं जातं. महिन्यातून दोन-तीन दिवस घेतलेल्या दुखण्याच्या गोळीनं तसं होत नाही. सुंठ आणि शेक करूनही शाळा किंवा काम बुडत असेल तर मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन हा रास्त उपाय आहे. डोस एकदा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा, जेवल्यावर घ्यावी आणि दुखणं सुरू होतानाच घ्यावी. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दमा, किंवा साथीच्या दिवसांत डेंग्यूचा संशय असेल तर ही गोळी नको. मेफेनॅमिक ॲसिडनं क्वचित अंगावर पुरळ, ताप अशी गंभीर ॲलर्जी येते. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं त्याबद्दल इशाराही दिला. तसं दिसलं तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठायचा.

काही दुखणी घरच्या उपायांची नसतात आणि त्यांना काढ्याखाली झाकून ठेवण्यात वर्षं जातात. पूर्वी न दुखणारी पाळी तिशीनंतर दुखायला लागली. दर महिन्याला दुखणं वाढतंय. पाळी संपली तरी दुखतं, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला बसताना कळ येते. ताप आहे, घाण वासाचा स्राव आहे. तासाला एक पॅड भिजतंय आणि तसं दोन तासांहून जास्त चाललंय, किंवा दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडताहेत. यातलं एकही असेल तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी), जंतुसंसर्ग यांची तपासणी हवी, सोनोग्राफीसकट. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला पाळी आलेलीच नाही पण दर महिन्याला पोटात कळ येते, तर आत रक्त साठत असू शकतं. पाळी चुकून एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आली, चक्कर आली, तर रात्र असली तरी निघायचं.

एक गोष्ट उसाच्या फडातल्या आणि बाजारात बसणाऱ्या बायकांसाठी. जायला जागा नसते म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत, त्यातून लघवीला जळजळ होते आणि ओटीपोट दुखतं. ते पाळीचं समजून सुंठ घेतली जाते. जळजळ असेल तर लघवी तपासून घ्यावी.

आणि गर्भाची पिशवी काढून टाकण्याबद्दल. सांगली-साताऱ्याच्या फडात ऊस तोडायला येणाऱ्या बीडकडच्या किती बायकांची गर्भाशयं कमी वयात काढली गेली, याची राज्य सरकारला २०१९ मध्ये समिती नेमून चौकशी करावी लागली. नुसती पाळी दुखते म्हणून कुणी पिशवी काढायला सांगत असेल तर कागद घेऊन मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. जाताना कॅलेंडरही न्या. त्यावर दर महिन्याची तारीख, किती दिवस गेलं, दिवसाला किती पॅड लागले, शून्य ते दहामध्ये किती दुखलं आणि सुंठ किंवा गोळी कधी घेतली, एवढं लिहिलेलं असलं तर डॉक्टरांचा पहिला अर्धा तास वाचतो.