बंद न करायची गाडी

रोटरी इंजिनाची गाडी विकणारा माणूस ती सुरू करून दाखवतो. घेणाऱ्याला आवाज आवडतो, टर्बोची शिट्टी ऐकून तो हसतो आणि निम्मा व्यवहार तिथेच होऊन जातो. मला बोलावलेलं असतं ते गाडी बंद करायला लावण्यासाठी.

जुन्या जपानी स्पोर्ट्स कार दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्यातही माझ्याकडे येतात त्या बहुतेक माझदाच्या. हल्ली ‘घेण्याआधी एकदा बघून द्या’ म्हणणारी गिऱ्हाईकं वाढली आहेत, आणि ते बरंच आहे. ही हकिगत एका एफडीची. एफडी म्हणजे माझदाच्या आरएक्स-७ या रोटरी स्पोर्ट्स कारची तिसरी आणि शेवटची पिढी. जपानमध्ये ती १९९१ च्या अखेरीस आली आणि ऑगस्ट २००२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. जिच्यासाठी पाहायची होती ती बाई सिव्हिल इंजिनिअर. फोनवर तिने पहिला प्रश्न विचारला तो ‘कॉम्प्रेशन कशाने मोजणार?’ असा. कॉम्प्रेशन म्हणजे इंजिनाच्या आत तयार होणारा दाब. मला तिथेच हायसं वाटलं. बाकीचे सुरुवात करतात ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीपासून. १९९१ साली माझदाची चार रोटरची ७८७बी जिंकली, ठाऊक आहे ना, वगैरे. ठाऊक आहे. शर्यतीचं ते इंजिन चोवीस तास टिकलं म्हणून तुमचं तीस वर्षांचं इंजिन उद्या सकाळी सुरू होईलच असं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी सुरूच होती. १९९३ ची, काळी, उजव्या स्टिअरिंगची. मालक अदबशीर माणूस, कागदपत्रांची फाइल नीट लावलेली. ‘गरम करून ठेवलीये तुमच्यासाठी,’ म्हणाले. मी बॉनेट उघडून आधी नाक पुढे केलं. या गाडीत इंधनाच्या रेलवर एक छोटा पल्सेशन डँपर असतो, इंधनाच्या दाबाचे हेलकावे शमवणारा. वय झालं की त्यातून पेट्रोल पाझरतं, खाली टर्बो तापलेले असतात, आणि एफडी जळाल्याच्या बऱ्याच गोष्टींचं मूळ त्या चिमुकल्या भागात निघतं. इथे वास नव्हता. कूलंटमधली हवा वेगळी करणारी प्लास्टिकची एअर सेपरेटर टाकी कुणीतरी आधीच काढून धातूची बसवली होती. ती जुनी टाकी उष्णतेने तडकते, कूलंट निघून जातं आणि इंजिन तापून बसतं. म्हणजे आधीच्या कुणाला तरी गाडीची जाण होती.

बॉडीवर मी बराच वेळ घालवला. इंजिन काय, पुन्हा बांधता येतं. वाकलेला सांगाडा सरळ करताना माणूस म्हातारा होतो. बाईंनी येताना एक चुंबक आणला होता, कुठेतरी वाचून. बॉनेटवर तो चिकटेना, तेव्हा चेहरा पडला. ‘पुट्टी आहे का सगळी?’ मी म्हटलं, अहो, ॲल्युमिनियमचं आहे ते, कंपनीतूनच. माझदाने या गाडीत वजनासाठी जीव टाकला होता. सस्पेन्शनचे आर्मसुद्धा ॲल्युमिनियमचे. त्या हसल्या आणि चुंबक पिशवीत गेला.

रंगाची जाडी मोजायचं मीटर फिरवलं. कंपनीचा रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आसपास दाखवतो. उजव्या मागच्या क्वार्टर पॅनलवर आकडा एकदम चारशेच्या वर गेला. फाइलमध्ये जपानी लिलावाचा शीट होता, त्यावर गाडीच्या आकृतीत नेमक्या त्याच जागी ‘डब्ल्यू२’ लिहिलेलं. डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीनंतर राहिलेली लाट. एकूण दर्जा ३.५. आर असता तर मी तिथेच थांबून सांगाड्याची चौकशी केली असती, कारण आर म्हणजे अपघातानंतर सांगाड्याचं काम झालेली गाडी. इथे कागद आणि पत्रा एकच गोष्ट सांगत होते. खाली सरपटून पाहिलं, पुढचे रेल सरळ, जॅकच्या जागा न चेपलेल्या, वेल्डिंगचे ठिपके मूळचे. इतकी सरळ एफडी मी बऱ्याच काळात पाहिली नव्हती.

हे सगळं होईपर्यंत इंजिन चालूच. मला दोन गोष्टी खटकत होत्या. एक, आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, मुद्दाम वर चढवून ठेवलेला. दुसरी, मालक सारखे माझ्या आणि किल्लीच्या मध्ये उभे राहत होते.

‘आता बंद करा,’ मी म्हटलं.

‘कशाला? चालवून बघा ना.’

‘मोजल्याशिवाय मी बूस्टवर, टर्बोच्या दाबावर, नेत नाही. बंद करा, दहा मिनिटं थांबू, मग परत सुरू करू.’

‘गरम असली की जरा नखरे करते. स्टार्टर जुना झालाय, बाकी काही नाही.’

पिस्टनच्या इंजिनाबाबत हे मी कदाचित मान्य केलं असतं. पण रोटरी थंडीत झटकन लागते आणि तापल्यावर लागत नाही, हे सील थकल्याचं नेहमीचं लक्षण. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली. स्टार्टर जोमात फिरत होता, त्याला नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. इंजिन मात्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि बऱ्याच वेळाने खोकत लागलं. मागून निळसर ढग आला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मालकांनी लगेच फाइलमधून एक कागद काढला. गॅरेजचा, महिन्याभरापूर्वीचा. पुढचा रोटर ११५ पीएसआय, मागचा ११२. ‘बघा, कॉम्प्रेशन उत्तम आहे.’

आकडे खरोखर उत्तम होते. अडचण आकड्यांच्या संख्येत होती. दोनच होते, आणि हवे होते सहा.

या इंजिनात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग बेल्टही नाही. दोन त्रिकोणी रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, अंड्यासारख्या पोकळीत गोल फिरतात. त्रिकोणाच्या तीन टोकांना तीन ॲपेक्स सील, जेमतेम २ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या. त्याच एका चेंबरला दुसऱ्यापासून वेगळं ठेवतात. म्हणजे एका रोटरची तोंडं तीन, आणि दाब तिन्हींचा वेगवेगळा मोजायला हवा. नेहमीच्या कॉम्प्रेशन गेजमध्ये एक बारीक व्हॉल्व्ह असतो, तो दाब अडवून धरतो आणि काटा सर्वांत मोठ्या आकड्यावर थांबतो. तीन पोरांपैकी एक पास झालं की तिघांच्या प्रगतिपुस्तकावर त्याचेच गुण लिहावेत, तसला प्रकार.

हे मी तोंडी सांगत बसलो नाही. मालक दुखावले होते आणि त्यांचा कागद खोटा नव्हता. बॅटरीला चार्जर लावला, इंधन आणि स्पार्क दोन्ही तोडले, मागच्या रोटरचा एक प्लग काढला. बाईंना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला सांगितलं. आधी गेज न लावताच इंजिन फिरवलं. निरोगी रोटर प्लगच्या भोकातून एका तालात श्वास टाकतो, फस्स, फस्स, फस्स. इथे ऐकू आलं ते फस्स, फुस, फुस. फस्स, फुस, फुस. मालकांची मान तिरकी झाली. त्यांनाही ऐकू आलं.

मग माझं साधं गेज लावलं. काटा चढत चढत ११२ वर गेला आणि तिथेच बसला. ‘हा तुमचा कागद,’ मी म्हटलं. गेजमधला बारीक व्हॉल्व्ह काढला, पुन्हा फिरवलं. आता काटा उड्या मारू लागला, एक उंच आणि दोन बुटक्या. मालक वाकून काट्याकडे बघत राहिले. शेवटी रोटरीचा खास टेस्टर जोडला. तो तिन्ही तोंडांचे आकडे वेगळे देतो आणि इंजिन २५० आरपीएमला फिरतंय असं धरून ते जुळवतोही. पुढचा रोटर: ८.१, ८.०, ८.२. मागचा: ७.९, ५.६, ५.७. हे किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. नव्या इंजिनाचा आकडा ८.५ च्या आसपास असतो, ७ च्या खाली गेलं की उघडायचं, आणि एकाच रोटरच्या तोंडांत दीडपेक्षा जास्त फरक चालत नाही.

एकच तोंड कमी असतं तर मी साइड सीलवर, म्हणजे रोटरच्या बाजूच्या सीलवर, बोट ठेवलं असतं. शेजारशेजारची दोन तोंडं सारखीच कमी, म्हणजे दोघांच्या मधली ॲपेक्स सील गेलेली. इंजिन न उघडता इतकं नेमकं सांगता येतं, हे मला या यंत्रात अजूनही आवडतं.

मालक म्हणाले, ‘पण पळते छान.’ पळते, खरंच पळते. सहातली चार तोंडं धड असली आणि आयडल वर चढवलेला असला की पळणारच. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांना फसवायचं होतं असं मला वाटत नाही. गाडी बंद करायची नाही एवढं त्यांना अनुभवाने कळलं होतं, का ते त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

बाईंना बाजूला नेऊन मी सल्ला दिला तो त्यांना उलटा वाटला. घ्या म्हटलं. फक्त इंजिन मेलंय असं धरा आणि उरलेल्या गाडीची किंमत करा. चालू इंजिनाच्या किमतीत मेलेलं इंजिन घेऊ नका, आणि इंजिनाच्या नावाने रडत ही बॉडीही सोडू नका. दुसऱ्या एखाद्या चकचकीत एफडीचं इंजिन आज मोजून चांगलं निघेल, पण तेही पुढेमागे उघडावं लागणारच. टर्बो रोटरीत इंजिन ही झिजणारी वस्तू आहे. क्लचप्लेटचा हिशोब धरतो तसा तिचा धरायचा. मालकांनी बराच वेळ हिशोब केला. सौदा टर्बो आणि इंजिन शून्य धरून झाला.

गाडी टोइंग करूनच माझ्याकडे आणली. इंजिन काढणं हे कंटाळवाणं काम, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अपवाद फ्लायव्हीलच्या ५४ मिलिमीटरच्या नटाचा. तो सैल करताना लांब पाइप लावावा लागतो आणि मुलाबाळांसमोर न उच्चारण्याचे शब्द उच्चारावे लागतात. तो सुटला की मात्र हे इंजिन इतकं आटोपशीर की सुटं झालेलं धूड दोघांना टेबलावर ठेवता येतं. उघडताना बाई मुद्दाम आल्या होत्या.

प्लेटा आणि हाउसिंग एकावर एक रचलेली असतात, तशीच एकेक उचलायची. मागचा रोटर बाहेर आला आणि त्याच्या एका टोकाची सील कोपऱ्याशी तुटलेली दिसली, नखाएवढा तुकडा गायब. हाउसिंगच्या आतल्या क्रोमवर त्या तुकड्याने ओढलेला चरा, बोट फिरवलं तर अडकावं इतका खोल. रोटरच्या तोंडावर तीन-चार बारीक ठोके. ‘तुकडा कुठे गेला?’ बाईंनी विचारलं. एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर, आणि बाहेर पडल्यावर त्याच्या वाटेत पहिली गोष्ट येते ती टर्बोची टर्बाइन. टॉर्च लावून पाहिलं. पात्यांच्या कडा चावल्यासारख्या झालेल्या. टर्बोची किंमत शून्य धरली होती ते कामी आलं.

कारणही समोर होतं. कुणीतरी पुढून मागपर्यंत मोकळा एक्झॉस्ट लावला होता आणि बूस्टचं नियंत्रण मूळचंच ठेवलं होतं. या गाडीची वेस्टगेटची, म्हणजे जास्तीचा वायू टर्बोला वगळून सोडण्याची, वाट अरुंद. एक्झॉस्ट मोकळा झाला की जास्तीचा वायू तिच्यातून पुरेसा निघत नाही आणि बूस्ट ठरल्यापेक्षा वर चढत जातं. मग नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून बसणारे धक्के. पिस्टन इंजिन थोडंफार नॉकिंग पचवतं. ॲपेक्स सील पचवत नाही. तेव्हा एक्झॉस्टला दोष द्यायचा की तो लावून पुढचं काम न करणाऱ्याला, हे मी बाईंवर सोडलं. त्यांनी दोघांनाही दिला.

रोटर हाउसिंगला सिलिंडरसारखं बोअरिंग करता येत नाही. क्रोम गेलं की हाउसिंग बदलायचं. मागचं नवं आणलं, पुढचं राहिलं. प्लेटांची झीज ०.१० मिलिमीटरच्या मर्यादेत निघाली. सील सगळ्या नव्या, पाण्याच्या रबरी रिंगाही. रचताना सील खाली पडू नयेत म्हणून त्या व्हॅसलीनने चिकटवतात. बाईंनी स्वतः एका रोटरच्या सील बसवल्या, हातमोजे घालून, एक वाकडी बसली तर काढून पुन्हा. शेवटी रोटर ज्यावर बसतात त्या एक्सेंट्रिक शाफ्टचा एंड प्ले, म्हणजे पुढे-मागे सरकण्याची मोकळीक, ०.०५ मिलिमीटर आला. ०.०४ ते ०.०७ चालतो. सुरू केल्यावर ते व्हॅसलीन जळून जो धूर निघाला त्याने शेजारचे धावत आले.

वाद झाला तो टर्बोवरून. मूळ रचनेत एक टर्बो खालच्या आरपीएमवर काम करतो आणि दुसरा साधारण साडेचार हजारला येऊन मिळतो. हे घडवून आणायला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपा, आणि व्हॅक्यूमच्या रबरी नळ्यांचं जंजाळ इनटेकखाली कोंबलेलं असतं. नळ्या उष्णतेने लाकडासारख्या होतात, एक तडकली की सगळा ताल बिघडतो. बरेच जण वैतागून ते सगळं उपटून टाकतात आणि दोन्ही टर्बो एकदमच चालवतात. माझ्या हाताखालचा मुलगा त्याच पक्षाचा. बाई म्हणाल्या, ज्यासाठी ही गाडी वेगळी आहे तेच काढायचं तर दुसरी कुठलीही घेतली असती. मी त्यांच्या बाजूने. सगळ्या नळ्या सिलिकॉनच्या केल्या, प्रत्येक सोलेनॉइड वीज देऊन तपासला. एक अडकलेला निघाला, तो बदलला. एक्झॉस्टमध्ये मधला भाग पुन्हा आवळला आणि वेस्टगेटची वाट रुंद केली.

रन-इन होईपर्यंत, म्हणजे नवे भाग रुळेपर्यंत, बूस्ट नाही, हे त्यांनी कुरकुरत का होईना पाळलं. नंतर मोजलं तेव्हा सहाही आकडे ८ च्या वर होते. मग पहिल्यांदा पूर्ण ॲक्सिलरेटर दिला. बूस्टचा काटा १० पीएसआयवर गेला, साडेचार हजारला ८ वर आला, दुसरा टर्बो लागला आणि पुन्हा १०. तीस वर्षांपूर्वी ठरवलं होतं, अगदी तसं. गरम असताना बंद केली आणि लगेच किल्ली फिरवली. लागली.

आता खड्ड्यावरून जाताना मागून खटखट येते. ती सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या पिलो बॉल बुशिंगची. बाईंचं म्हणणं, रंगाच्या आधी ते काम करू. डब्ल्यू२ वाल्या पॅनलला हात लावू नका असंही सांगून गेल्यात.