चाइल्ड प्रोसेसने पुसलेली फाइल

लॉगिन व्यवस्थित होते, पण त्यानंतरच्या पहिल्याच कमांडला ‘टोकन सापडत नाही’ असे उत्तर मिळते, अशी तक्रार त्या सकाळी आली, तेव्हा माझा संशय आधी लॉगिन प्रोग्राम सांभाळणाऱ्या टीमवर गेला. आदल्याच दिवशी त्यांनी नवी आवृत्ती चढवली होती आणि माझ्या पॅम मॉड्यूलला, म्हणजे लिनक्सच्या ‘पॅम’ या ओळख तपासणाऱ्या व्यवस्थेत बसणाऱ्या आणि टोकन डिस्कवरच्या फाइलमध्ये ठेवणाऱ्या माझ्या कोडला, दोन वर्षांत कोणी हात लावलेला नव्हता. ‘तुमच्या बदलाची यादी पाठवा,’ असे मी त्यांना काहीशा चढ्या सुरात लिहिले, हे आज आठवले की ओशाळायला होते.

पॅम मॉड्यूल स्वतंत्रपणे चालत नाही. लॉगिन करून देणारा प्रोग्राम त्याला आपल्याच प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्राममध्ये) लोड करतो, आधी त्याच्याकडून पासवर्ड तपासून घेतो आणि नंतर सेशन उघडून घेतो. या दोन टप्प्यांच्या मध्ये मॉड्यूलला काही लक्षात ठेवायचे असेल, तर पॅम_सेट_डेटा या फंक्शनला एक नाव, एक पॉइंटर (डेटा मेमरीत कुठे आहे त्याचा पत्ता) आणि एक क्लीनअप (आवराआवर करणारे) फंक्शन द्यायचे असते. नावापुढे मॉड्यूलचे नाव जोडणे शहाणपणाचे, कारण एका हँडलवरची (प्रोग्रामने पॅमकडे उघडलेल्या एका व्यवहारावरची) सगळी मॉड्यूल्स नावांची एकच यादी वापरतात. क्लीनअप फंक्शन दोन प्रसंगी बोलावले जाते: प्रोग्रामने पॅम_एंड करून हँडल बंद केल्यावर, किंवा त्याच नावाने नवा डेटा ठेवला गेल्यावर जुन्यासाठी.

माझ्या क्लीनअप फंक्शनचा मला अभिमान होता. पासवर्डची प्रत त्यात साध्या मेमसेट या मेमरी भरणाऱ्या फंक्शनने पुसलेली नव्हती, कारण जे पुढे कोणी वाचणार नाही ते लिखाण कंपायलर खुशाल गाळून टाकतो; त्यासाठी मी एक्सप्लिसिट_बीझीरो वापरले होते. नंतर स्ट्रक्चरची मेमरी सोडली होती आणि शेवटी डिस्कवरची टोकनची फाइल अनलिंक केली (पुसली) होती. फाइल आधीच नसेल तर ती चूक न मानता गप्प बसायचे, अशीही तरतूद होती. सगळी आवराआवर एकाच ठिकाणी पाहून रिव्ह्यू करणाऱ्यांनी कौतुक केले होते. आमच्याकडे रिव्ह्यूमध्ये कोड किती नीटनेटका आहे हे जितक्या बारकाईने पाहिले जाते, तितके तो कोणत्या प्रोसेसमध्ये चालणार आहे हे पाहिले जात नाही.

पॅमटेस्टर या चाचणीच्या प्रोग्रामवर सगळे सुरळीत चालत होते, आणि त्यातच माझा अर्धा दिवस गेला, कारण त्या चाचणीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच प्रोसेस असते. शेवटी टोकनच्या डिरेक्टरीवर ऑडिटचा (कोण फाइलला हात लावते ते नोंदवणारा) नियम लावला आणि क्लीनअप फंक्शनमध्ये प्रोसेस क्रमांक व एरर_स्टेटस (पॅमने त्या फंक्शनला दिलेला आकडा) छापणारी एक ओळ घातली. एका लॉगिनमागे लॉगमध्ये दोन नोंदी दिसल्या. लॉगआउटच्या वेळची नोंद पॅरेंट (मूळ) प्रोसेसची होती आणि तिच्यात स्टेटस 0 होता. तिच्या बरीच आधी, शेल (कमांड घेणारा प्रोग्राम) सुरू होण्यापूर्वी, चाइल्ड (मूळ प्रोसेसपासून निघालेल्या) प्रोसेसची नोंद होती आणि तिच्यात 1073741824 हा आकडा होता. या आकड्याकडे मी बराच वेळ नुसता पाहत राहिलो. हेक्समध्ये बदलल्यावर तो 0x40000000 निघाला, म्हणजे पॅम_डेटा_सायलेंट हा फ्लॅग (आकड्यातून दिलेली खूण).

नव्या आवृत्तीत त्या टीमने एवढेच केले होते की फोर्क झाल्यावर, म्हणजे प्रोसेसची प्रत निघाल्यावर, चाइल्डमध्ये, शेल एक्झेक (सुरू) करण्याआधी, हा फ्लॅग लावून पॅम_एंड बोलावले होते, आणि ते नियमाला धरून होते. फोर्कनंतर मेमरी दोघांची वेगळी असली तरी डिस्कवरची फाइल एकच राहते, आणि माझे फंक्शन, अजून रूटच (सर्वाधिकारी) असलेल्या चाइल्डमध्ये चालून, ती फाइल पुसत होते. पुढे पॅरेंटला फाइल सापडत नसे, पण माझ्याच तरतुदीमुळे त्याचीही कुठे नोंद होत नसे.

मॅन्युअलबद्दलचा माझा राग मात्र अजून गेलेला नाही. पॅम_सेट_डेटाच्या पानावर या फ्लॅगचा अर्थ एवढाच दिला आहे की क्लीनअप शांतपणे, लॉग किंवा संदेश टाळून करावे. फोर्क झालेल्या प्रोसेसमध्ये हँडल बंद होत आहे आणि फाइलसारख्या प्रोसेसबाहेरच्या गोष्टी पॅरेंट आवरणार आहे, हा खरा अर्थ पॅम_एंडच्या पानावर आहे, आणि ते पान प्रोग्राम लिहिणारे वाचतात. मॉड्यूल लिहिणारा तिकडे कशाला फिरकेल?

दुरुस्ती करताना दुसरी चूकही सापडली. एकाच हँडलवर दुसऱ्यांदा पासवर्ड तपासला गेला, तर मी आधी त्याच नावाची नवी फाइल लिहीत होतो आणि मग पॅम_सेट_डेटा करत होतो, त्यामुळे जुन्या डेटाचे क्लीनअप नव्या फाइलवरच चालत असे. तिथे पॅम_डेटा_रिप्लेस हा फ्लॅग येतो, पण तोही मी कधी तपासलेला नव्हता.

आता दोन्हींपैकी कोणताही फ्लॅग असेल तर फक्त मेमरी पुसली आणि सोडली जाते. एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे होते, ‘फ्लॅगवर कशाला विसंबतोस? डेटा ठेवताना प्रोसेस क्रमांक नोंदव आणि क्लीनअपमध्ये ताडून पाहा.’ मी तसे करून पाहिले आणि काढून टाकले, कारण काही प्रोग्राम फोर्क करून पॅरेंटला संपवतात व सेशन चाइल्डकडेच सोपवतात. तिथे क्रमांक कधीच जुळणार नाही आणि फाइल तशीच राहील. उलट, फ्लॅग न लावता चाइल्डमध्ये पॅम_एंड करणारा प्रोग्राम उद्या आला, तर माझी फाइल पुन्हा जाईल, हा त्याचा मुद्दाही मला खोडता आलेला नाही. फाइल पुसण्याचे काम सेशन बंद करणाऱ्या फंक्शनमध्ये हलवण्याचा बदल मी तयार ठेवला आहे. तो रिव्ह्यूला पाठवण्याआधी लॉगिन प्रोग्रामच्या टीमला दाखवायचा आहे.