तुम्ही विचारलंत म्हणून: लागलेली नोकरी सोडून का आलो

कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या सणाला, सुरतहून, पुण्याहून सगळी मंडळी गावात येते आणि रोट खाता खाता प्रत्येकाला माझ्याकडून एकच गोष्ट ऐकायची असते. "लागेल व्हती ना तुले नोकरी, मंग सोडीसन काबर उना?" मामा विचारतात, वर्गातली पोरं विचारतात, एकदा तर बँकेतल्या कॅशियरने पासबुक हातात धरून विचारलं आणि मागे लाईन लागलेली. तोंडी सांगायला गेलं की तिसऱ्या वाक्याला समोरचा म्हणतो "हो पण आजकाल कुठेही ॲडजस्ट करावंच लागतं", म्हणून लिहून ठेवतो, यापुढे ज्याने विचारलं त्याला हेच फॉरवर्ड.

आधी एक क्लिअर करतो. घरची आठवण येत होती का? येत होती. कामाचा कंटाळा होता का? नव्हता. केळीच्या काढणीत घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणणारा माणूस कामाला भीत नाही, ज्यांना वाटतं भितो त्यांनी मे महिन्यात एक दिवस यावं.

माझं ट्रेनिंग दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेतून झालं. २०१४ ला सुरू झालेली केंद्राची योजना, खेड्यातल्या १५ ते ३५ वयाच्या पोरांसाठी, राहणं-खाणं-युनिफॉर्म फुकट. मी सीएनसी ऑपरेटरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचा, कोर्स घेतला. मशीन एक आणि बॅच मोठी, पण शिकवणारे सर चांगले होते, ते खोटं बोलणार नाही. या योजनेचा गाभा मला तेव्हा कळला नव्हता, आता कळतो. ट्रेनिंग घेतलेल्यांपैकी किमान ७० टक्के पोरांना नोकरी लागलीच पाहिजे अशी सेंटरला अट आहे आणि सरकारकडून सेंटरला पैसे हप्त्याहप्त्याने येतात, शेवटचे हप्ते प्लेसमेंट दाखवल्यावर. प्लेसमेंट म्हणजे काय, तर पोरगा तीन महिने कामावर टिकला आणि त्याच्या पगाराच्या स्लिपा आल्या. अट वाईट नाही. उलट आधीच्या योजनांत नुसतं सर्टिफिकेट वाटून मोकळे व्हायचे, त्यापेक्षा शंभर पटीने बरी. पण अट तीन महिन्यांची असली की सगळ्यांचं लक्षही तीन महिन्यांवरच राहतं. चौथ्या महिन्याचा मालक कोणीच नाही.

तर चाकण, पुण्याजवळचा कारखान्यांचा भाग. आम्हाला सीएनसीवर घेणार असं सांगितलेलं, नेलं मोल्डिंगला, तेही कंपनीत नाही तर कॉन्ट्रॅक्टरकडे. काम असं की मशीनमधून गरम प्लास्टिकचा पार्ट बाहेर येतो, तो धरायचा आणि कडेला आलेलं जास्तीचं प्लास्टिक ब्लेडने कापायचं, पुढचा पार्ट यायच्या आत. हातमोजे मिळायचे पण आठवड्यात बोटांच्या टोकांना फाटायचे आणि नवे मागितले की सुपरवायझर म्हणायचा "जपून वापर". बारा तास उभं. रूम कॉट बेसिसवर, म्हणजे माझ्या कॉटवर दिवसा नाईट शिफ्टवाला झोपायचा, उशी पण तीच. पीएफ, ईएसआय (कामगाराचा दवाखान्याचा विमा), कॉट, मेस सगळं जाऊन हातात आठेक हजार.

दुसरा पगार झाला आणि मला टायफॉईड झाला. ईएसआय दर महिन्याला कापत होते पण कार्ड आलेलं नव्हतं, मग खाजगी दवाखाना, मग पैसे संपले, मग कॉन्ट्रॅक्टर म्हणाला गैरहजेरी लागेल आणि जागा ठेवता येणार नाही. रूममधला एक नंदुरबारचा पोरगा शिफ्टवरून आला की मला पेज करून द्यायचा, तो स्वतः उपाशी झोपायचा की काय माहीत नाही. अशात सेंटरच्या सरांचा फोन आला. मला इतका आनंद झाला की मी रडायलाच लागलो, वाटलं कोणीतरी विचारलं. सर म्हणाले, "बेटा, तिसरी स्लिप निघेल ना?" मी म्हटलं सर ताप आहे. ते म्हणाले, "हो रे, काळजी घे, पण एवढा महिना काढ, नोकरी सोडू नको, तिसरी स्लिप होऊ दे मग तुला यायचं तर ये." ते मला अजून पाठ आहे कारण त्यांच्या आवाजात वाईटपणा अजिबात नव्हता. काकुळतीच होती. त्यांचाही पगार माझ्या स्लिपवर अडकला असणार.

मी काढला महिना. अंगात कणकण घेऊन उभा राहिलो, पार्ट कापत राहिलो, तिसरी स्लिप आली, फोटो काढून सरांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. त्यानंतर त्यांचा फोन नाही, मी केला तर उचलला नाही. आठवडाभराने मी घरी आलो. सेंटरच्या भिंतीवर माझा युनिफॉर्ममधला फोटो आहे म्हणे, हातात ऑफर लेटर. सरकारच्या हिशोबात मी लागलेला आहे आणि त्या हिशोबात काहीच खोटं नाही.

त्या स्लिपवर एक ओळ होती, प्रोफेशन टॅक्स २००. आजीला दाखवली तर तिला काही कळलं नाही, पण तो टॅक्स महाराष्ट्रात १९७५ ला रोजगार हमीला पैसा उभा करायला आणलेला. आजीने ७२ च्या दुष्काळात खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, दुष्काळात वाटायचे ती सुकडी खाल्ली. ते दिवस चांगले होते असं ती कधीच म्हणत नाही, हाताला फोड आलेले ती अजून सांगते. पण रोजगार हमी ही वि. स. पागे या जुन्या नेत्यांची कल्पना आणि पुढे तिचा १९७७ चा कायदा, त्यात सरकारने काम माणसाजवळ आणायचं होतं. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही पाच किलोमीटरच्या बाहेर काम दिलं तर दहा टक्के मजुरी जास्त होती. मला मात्र गावापासून चारशे किलोमीटरच्या आसपास नेलं आणि २०० रुपये माझ्याच पगारातून कापले. तुम्ही म्हणाल खडी फोडायची आहे का तुला, बीए झालास. नाही फोडायची. मुद्दा तो नाहीये, किंवा असेलही, मला नीट मांडता येत नाही.

आल्यावर २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणमध्ये लागलो, गावाजवळच्या एका सरकारी ऑफिसात. बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीधराला १०. म्हणजे घरची कळण्याची भाकरी खाऊन मला चाकणपेक्षा जास्त उरत होते, यावर हसायचं की काय करायचं. सहा महिन्यांचे अकरा केले, मग संपलं. तिथे मी खरंच कामाचा होतो, निम्म्या फायली मीच लावायचो. आणि आता केंद्राची नवी योजना, १ ऑगस्ट २०२५ पासून, पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला १५ हजारांपर्यंत दोन हप्त्यांत. मी धावत जाऊन वाचली. पहिल्यांदा म्हणजे ज्याचा आधी पीएफ कधीच नव्हता तो. माझा आहे, चाकणच्या कॉन्ट्रॅक्टरने काढलेला.

बेरोजगारांच्या आकड्यातही मी नाही बरं का. सरकारी सर्वेक्षणात १५ ते २९ वयाच्या पोरांची बेरोजगारी २०१७-१८ ला १७.८ टक्के होती, २०२३-२४ ला १०.२ वर आली. तिथे घरच्या शेतात बिनपगारी मदत करणारा पण कामावरचा धरतात. वडिलांच्या बागेत ठिबकच्या नळ्या ओढतो ना मी, झालं तर मग.

आता खरं सांगतो. ट्रेनिंगला जाताना फॉर्मवर "कुठेही जायची तयारी आहे का" ला मीच हो लिहिलेलं, कोणी हात धरून लिहून घेतलं नव्हतं. तेव्हाच्या मला आत्ताचा मी पळपुटा वाटला असता. तो म्हणायचा, इथे काय आहे, केळी आणि भरतीची तयारी. त्याचं चुकीचं होतं असं मला अजून म्हणता येत नाही, कारण इथे खरंच तेवढंच आहे. माझ्यासोबतचा तो नंदुरबारचा पोरगा अजून तिकडेच आहे, ऑन रोल झाला, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचा नाही तर थेट कंपनीचा माणूस, गाडी घेतली. तो टिकला आणि मी नाही, आणि टायफॉईड झाला नसता तर मी पण टिकलो असतो का, याचं उत्तर मी रोज वेगळं देतो.

परत जाणार का, हा पुढचा प्रश्न असतो तुमचा. ऑन रोल मिळालं आणि ईएसआय कार्ड पहिल्या दिवशी हातात आलं तर जाईन. परवा एका कॉन्ट्रॅक्टरचा फोन आलेला, रांजणगावला माणसं पाहिजेत म्हणाला. मी आधी कार्डाचं विचारलं. म्हणाला, "तू आधी ये तर."